अल्पायुषी अणुकेंद्रांचे झोत: किरणोत्सर्गी आयनांसाठी वेगवर्धक केंद्राची उभारणी

निसर्गात स्थिर राहणारी अणुकेंद्रे अडीचशेच्या आसपास आहेत. प्रयोगशाळांत आजवर ओळख पटलेल्या अणुकेंद्रांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली आहे, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सैद्धांतिक अंदाजानुसार प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे एकत्र बांधून राहू शकणारे संच सात हजारांच्या घरात असावेत. म्हणजे अणुकेंद्रांच्या जगाचा निम्म्याहून अधिक भाग अजून कोणी पाहिलेलाच नाही. जो पाहिला त्यातलाही बहुतेक अल्पायुषी आहे. कुणाचे अर्धायुष्य काही तासांचे, तर कुणाचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचे. अशी अणुकेंद्रे मुद्दाम तयार करायची, ती नष्ट होण्याआधी वेगळी काढायची आणि हव्या त्या ऊर्जेला नेऊन प्रयोगाच्या जागी पोचवायची, यासाठी उभारलेली यंत्रणा म्हणजे किरणोत्सर्गी आयन झोतांचे वेगवर्धक केंद्र.

झोतच का लागतो, याचे कारण सरळ आहे. रदरफोर्डपासून चालत आलेल्या प्रयोगपद्धतीत एक अणुकेंद्र लक्ष्य म्हणून जागेवर असते आणि दुसरे त्यावर आदळते. दोन्ही स्थिर असतील तर अडचण नसते. पण ज्याचा अभ्यास करायचा ते केंद्रच काही मिलिसेकंदांत नाहीसे होणार असेल, तर त्याची पातळ चकती करून ठेवता येत नाही. मग भूमिका उलट कराव्या लागतात. अस्थिर केंद्राला धावायला लावायचे, आणि हायड्रोजन, ड्यूटेरियम किंवा हेलियम यांसारखे साधे, स्थिर केंद्र लक्ष्य म्हणून समोर ठेवायचे.

या उलटापालटीतून हाती आलेल्या निष्कर्षांनी पाठ्यपुस्तकांतल्या पायाभूत समजुती बदलल्या आहेत. 1985 मध्ये इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बर्कली येथे लिथियमच्या वेगवेगळ्या समस्थानिकांचे झोत लक्ष्यांवर सोडून त्यांचे आकार मोजले. लिथियम-11 चा आकार शेजाऱ्यांच्या मानाने एकदम मोठा निघाला. दोन वर्षांनी पी. जी. हान्सेन आणि ब्यॉर्न यॉन्सन यांनी त्याचा अर्थ लावला. लिथियम-11 मधले शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके सैल बांधलेले असतात की लिथियम-9 च्या गाभ्याभोवती त्यांचे विरळ खळे पसरलेले असते. अणुकेंद्र म्हणजे घट्ट, एकसारख्या घनतेचा गोळा, हे चित्र त्या मोजमापानंतर सर्वत्र लागू मानता येईना.

जादुई संख्यांचेही असेच झाले. 2, 8, 20, 28, 50, 82, 126 या संख्यांइतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असलेली केंद्रे विशेष घट्ट बांधलेली असतात. याचे स्पष्टीकरण देणाऱ्या मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सेन यांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते नियम स्थिर केंद्रांकडे पाहून बसवलेले होते. 1975 मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत सोडियमच्या न्यूट्रॉनबहुल समस्थानिकांची वस्तुमाने मोजली, तेव्हा 20 न्यूट्रॉनांपाशी अपेक्षित घट्टपणा दिसलाच नाही. 2023 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून ऑक्सिजन-28 चे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात 8 प्रोटॉन आणि 20 न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही संख्या जादुई. तरीही ते केंद्र बांधलेले राहत नाही, ऑक्सिजन-24 आणि चार न्यूट्रॉन अशा तुकड्यांत लगेच फुटते. उलट टिन-132 (अमेरिकेतील ओक रिज, 2010) आणि निकेल-78 (रिकेन, 2019) या दूरच्या केंद्रांनी जुना नियम पाळला. नियम कुठे टिकतो आणि कुठे मोडतो, हे एकेका अणुकेंद्रापर्यंत पोचूनच कळते, आणि म्हणून नव्या अणुकेंद्रांपर्यंत पोचण्याची गरज संपत नाही.

अल्पायुषी केंद्रांचा मागोवा घेण्याचे तिसरे कारण ताऱ्यांचे. लोखंडापेक्षा जड मूलद्रव्यांपैकी जवळपास निम्मी द्रुत न्यूट्रॉनग्रहणाच्या प्रक्रियेत घडतात. सोने आणि प्लॅटिनम त्यांतलेच. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे गुरुत्वीय तरंग आणि प्रकाश दोन्ही टिपले गेले आणि अशा घटनांत जड मूलद्रव्ये बनतात याला भक्कम आधार मिळाला. पण कोणते मूलद्रव्य किती बनले हे गणित करायचे, तर वाटेत येणाऱ्या शेकडो अल्पायुषी केंद्रांची वस्तुमाने आणि अर्धायुष्ये ठाऊक हवीत. दुर्बिणीतून ती मिळत नाहीत.

या क्षेत्राची सुरुवात कोपनहेगनमध्ये झाली. 1951 मध्ये ओ. कोफोड-हान्सेन आणि के. ओ. नील्सेन यांनी नील्स बोर यांच्या संस्थेतल्या सायक्लोट्रॉनपासून मिळणारे न्यूट्रॉन युरेनियम ऑक्साइडवर सोडले. विखंडनातून निघणारा किरणोत्सर्गी क्रिप्टॉन वायू लवकर बाहेर यावा म्हणून त्या ऑक्साइडमध्ये बेकिंग पावडर मिसळली होती. तिच्यातून सुटणाऱ्या वायूंबरोबर क्रिप्टॉन नळीवाटे थेट समस्थानिक विलगकाच्या आयन उगमात जाई. उत्पादन, आयनीकरण आणि विलगीकरण एका सलग वाटेवर आणण्याची ही कल्पनाच पुढच्या सगळ्या केंद्रांचा गाभा ठरली. सर्नमधील इसोल्ड केंद्रात 1967 मध्ये पहिले प्रयोग झाले, आणि 1992 मध्ये नव्या प्रोटॉन यंत्राजवळ हलवलेले ते केंद्र आजही चालू आहे. तिथून सत्तरहून अधिक मूलद्रव्यांचे हजारावर समस्थानिक मिळतात. तयार केलेल्या अस्थिर केंद्रांना पुन्हा वेग देण्याचे काम मात्र बरेच उशिरा साधले. बेल्जियममधील लूवाँ-ला-नव येथे 1989 मध्ये एका सायक्लोट्रॉनने नायट्रोजन-13 तयार केले आणि दुसऱ्याने त्याला वेग दिला. त्या झोताने नायट्रोजन-13 वर प्रोटॉन चिकटून ऑक्सिजन-14 बनण्याची क्रिया मोजली गेली. तप्त ताऱ्यांतल्या कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्राचा तो एक महत्त्वाचा टप्पा आहे.

कोपनहेगनपासून निघालेल्या या पद्धतीला आयसॉल म्हणतात. तिच्यात जाड लक्ष्यावर प्राथमिक झोत पडतो, क्रियेतून बनलेली किरणोत्सर्गी केंद्रे लक्ष्याच्या पोटात थांबतात, आणि तिथून त्यांना उष्णतेच्या जोरावर बाहेर काढतात. दुसऱ्या पद्धतीत जड आयनांचा वेगवान झोत पातळ लक्ष्यातून पार होतो, त्यातल्या काही आयनांचे तुकडे पडतात, आणि ते तुकडे धावता धावताच चुंबकांनी वेगळे केले जातात. ती उड्डाणातील विलगीकरणाची पद्धत. दोन्ही पद्धतींतला खरा फरक वेळेच्या हिशोबाचा आहे. कोणत्याही वेगवर्धक केंद्राची रचना अखेर अणुकेंद्रांचे अर्धायुष्य ठरवते. वेगवर्धकाची ऊर्जा आणि शक्ती त्यानंतर येतात.

आयसॉल केंद्रात सर्वात जास्त कष्ट मागणारी जागा म्हणजे लक्ष्य. बाहेरून पाहणाऱ्याचे डोळे अजस्र वेगवर्धकावर खिळतात, पण झोताचे भवितव्य ठरते ते बहुधा मुठीत मावेल एवढ्या नळकांड्यात. युरेनियम कार्बाइड हे त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य. ते टँटलमच्या नळीत भरून 2000 अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात. तयार झालेला अणू आधी घन कणातून विसरित होत पृष्ठभागापर्यंत येतो, मग कणांमधल्या पोकळीतून भिंतींवर आपटत, चिकटत, सुटत आयन उगमापर्यंत पोचतो. कण जितके बारीक आणि पोकळी जितकी मोकळी, तितकी सुटका लवकर. मात्र बारीक कण उच्च तापमानाला एकमेकांना जुळून मोठे होतात आणि सुटकेचा वेग दिवसागणिक घटतो. सच्छिद्र, सूक्ष्मकणी कार्बाइड बनवण्यावर आज जे संशोधन चालू आहे ते यासाठीच.

विलंबाची किंमत साध्या आकड्यांत दिसते. सुटकेला 100 मिलिसेकंद लागले आणि केंद्राचे अर्धायुष्य 10 मिलिसेकंद असले, तर वाटेत दहा अर्धायुष्ये उलटतात. हजारांतले एकच केंद्र उरते. लिथियम-11 चे अर्धायुष्य 9 मिलिसेकंदांहूनही कमी आहे, म्हणून त्यासाठी इसोल्डमध्ये टँटलमच्या अतिशय पातळ पत्र्यांचे लक्ष्य वापरले गेले, जेणेकरून अणूला घनातून फार थोडे अंतर कापावे लागेल.

इथे रसायनशास्त्र निर्णायक ठरते. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम हे अल्कली धातू आणि क्रिप्टॉन, झेनॉनसारखे निष्क्रिय वायू सहज बाहेर येतात. हाफ्नियम, टंगस्टन, ऱ्हेनियम, ऑस्मियम यांसारखी अति उच्च वितळबिंदूची मूलद्रव्ये मात्र 2000 अंशांनाही लक्ष्य सोडत नाहीत. त्यांपैकी काहींना बाष्पनशील रेणूच्या रूपात काढण्याची युक्ती सापडली आहे. लक्ष्यात फ्लोरिनयुक्त वायू सोडला की हाफ्नियम किंवा बोरॉन फ्लोराइडच्या रूपात बाहेर पडतात, आणि कार्बन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात. नवे समस्थानिक मिळवण्याचा मार्ग कित्येकदा मोठ्या वेगवर्धकापेक्षा अशा एखाद्या रासायनिक क्रियेतून गेला आहे. या क्षेत्रात रसायनतज्ज्ञांचे योगदान जितके आहे तितके ते सांगितले जात नाही.

बाहेर आलेला अणू विद्युतभारित केल्याशिवाय त्याला वळवता किंवा ढकलता येत नाही. आयन उगमाचे प्रकार मूलद्रव्यानुसार बदलतात. अल्कली धातूंना टंगस्टन किंवा ऱ्हेनियमच्या तापलेल्या पृष्ठभागाचा नुसता स्पर्श पुरतो. इलेक्ट्रॉन सुटतो आणि आयन तयार होतो. वायूंसाठी प्लाझ्मा उगम किंवा सूक्ष्मतरंगांवर चालणारा ईसीआर उगम लागतो. सर्वात नेमके साधन म्हणजे लेसर. प्रत्येक मूलद्रव्याच्या इलेक्ट्रॉन पातळ्या वेगळ्या असतात. दोन-तीन लेसरांच्या तरंगलांब्या त्या पातळ्यांशी जुळवल्या की फक्त त्याच मूलद्रव्याचे अणू पायरीपायरीने आयन बनतात आणि बाकीचे तसेच राहतात. इसोल्डमध्ये ही पद्धत 1990 च्या दशकापासून वापरात आहे आणि आज तिथले बरेचसे झोत तिच्यावरच अवलंबून आहेत.

आयनांना काही दशसहस्र व्होल्टचा धक्का देऊन चुंबकीय विलगकातून नेले की वस्तुमानानुसार त्यांचे मार्ग फाकतात. 131 आणि 132 वस्तुमानांक वेगळे करणे सोपे असते. अडचण येते ती एकाच वस्तुमानांकाच्या भिन्न मूलद्रव्यांची. टिन-132 आणि अँटिमनी-132 यांच्या वस्तुमानांतला फरक सुमारे चाळीस हजारांत एक इतका आहे. एवढे वेचक वेगळेपण साधायचे तर विलगकाच्या चुंबकांचे आकार, वीजपुरवठ्याची स्थिरता आणि आत येणाऱ्या झोताचा पसारा, तिन्ही गोष्टी काटेकोर सांभाळाव्या लागतात. म्हणूनच बहुतेक केंद्रांत आधी लेसरने मूलद्रव्य निवडतात आणि मग चुंबकाने वस्तुमान. दोन्ही चाळण्या मिळून जे साधते ते एकीला साधत नाही.

यापुढचा प्रश्न वेग देण्याचा. उगमातून निघालेल्या आयनावर बहुधा एकच विद्युतभार असतो. जड आणि जवळपास उदासीन अशा आयनाला वेग देणारे यंत्र फार लांबलचक आणि महाग पडते. त्यामुळे मध्ये विद्युतभार वाढवणारा टप्पा घालतात. इलेक्ट्रॉनांच्या दाट झोतात किंवा ईसीआर प्लाझ्मात आयन काही काळ अडकवून ठेवले की त्यांचे आणखी इलेक्ट्रॉन निघून जातात. यात दोन तोटे आहेत: वेळ जातो, आणि आयन अनेक विद्युतभारांत विभागले जातात, त्यांतला एकच पुढे वापरता येतो.

सुरुवातीच्या वेगवर्धनासाठी आज बहुतेक ठिकाणी आरएफक्यू हे साधन वापरतात. कापचिन्स्की आणि तेप्ल्याकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1970 च्या सुमारास ते सुचवले. चार लांब विद्युताग्रांच्या मधल्या वाटेतून आयन जातात. विद्युताग्रांच्या कडा लाटेसारख्या कोरलेल्या असल्याने एकच रेडिओ-वारंवारता क्षेत्र आयनांना अक्षावर एकवटते, त्यांचे पुंजके करते आणि पुढेही ढकलते. त्यानंतर आयएच रचनेची रेषीय वेगवर्धक टाकी आणि मग अतिसंवाहक नायोबियम अनुनादक अशा टप्प्यांनी ऊर्जा वाढत जाते. इसोल्डमध्ये 2001 पासून असे पुनर्वेगवर्धन होते. 2015 नंतर अतिसंवाहक टप्पे जोडल्यावर झोताची ऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे (म्हणजे दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) सुमारे 10 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेण्याची सोय झाली. रेडियम-224 चे अणुकेंद्र नासपतीच्या आकाराचे असते, हे 2013 मध्ये दाखवून देणारा प्रयोग अशाच पुनर्वेगवर्धित झोताने झाला.

साखळीच्या प्रत्येक कडीत गळती असते आणि गळत्यांचा गुणाकार होतो. समजा लक्ष्यात सेकंदाला 100 कोटी केंद्रे तयार झाली. त्यांतली दहा टक्के जिवंत बाहेर आली, म्हणजे 10 कोटी. आयनीकरण दहा टक्के झाले, की 1 कोटी. विलगकातून ऐंशी टक्के पार पडली, की 80 लाख. विद्युतभार वाढवताना हवा तो भार पाच टक्क्यांना मिळाला, की 4 लाख. वेगवर्धकातून ऐंशी टक्के पोचली, तर प्रयोगाच्या जागी सेकंदाला 3 लाख 20 हजार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांचा आवाका वास्तवाला धरून आहे. प्राथमिक वेगवर्धकाची शक्ती दुप्पट करायला प्रचंड खर्च येतो आणि त्यातून झोत जास्तीत जास्त दुप्पट होतो. आयन उगमाची कार्यक्षमता दहावरून तीस टक्क्यांवर नेली तर झोत तिप्पट. मोठ्या यंत्राच्या घोषणेत हा हिशोब अनेकदा झाकला जातो, आणि केंद्र सुरू झाल्यावर तो उघडा पडतो.

उड्डाणातील पद्धतीने यातल्या बऱ्याच कड्या वगळल्या. रिकेनमधील अतिसंवाहक रिंग सायक्लोट्रॉन 8300 टनांचे आहे आणि ते युरेनियमपर्यंतच्या आयनांना दर न्यूक्लिऑनमागे 345 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देते. या वेगाला जवळपास 80 मीटरांचा बिगरिप्स विलगक ओलांडायला अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. विसरण नाही, रसायन नाही. टंगस्टन असो की क्रिप्टॉन, सगळी मूलद्रव्ये सारखीच वागतात. तुकडे एका चुंबकाने संवेग आणि भाराच्या गुणोत्तरानुसार निवडायचे, मग पाचरीच्या आकाराच्या धातूतून न्यायचे, जिथे जास्त प्रोटॉनचे केंद्र जास्त ऊर्जा गमावते, आणि दुसऱ्या चुंबकाने पुन्हा निवडायचे. उरलेल्या भेसळीत प्रत्येक आयनाची ओळख त्याचा उड्डाणकाळ आणि शोधकात सोडलेली ऊर्जा मोजून एकेकट्याने पटवता येते. दिवसभरात मोजकी केंद्रे मिळाली तरी त्यांतून नवा समस्थानिक सिद्ध होतो.

या पद्धतीची उणीव झोताच्या गुणवत्तेत आहे. तुकड्यांच्या वेगात आणि दिशेत मोठा पसारा असतो, आणि ऊर्जा अनेक प्रयोगांना लागते त्याहून फार जास्त. ताऱ्यांतल्या क्रिया किंवा कुलोंब अडथळ्याच्या (केंद्रांमधल्या विद्युत प्रतिकर्षणाच्या अडथळ्याच्या) आसपासच्या टकरी पाहायच्या तर मंद, बारीक झोत लागतो, आणि तो आयसॉल केंद्रच चांगला देते. दोन्हींचा मेळ घालण्यासाठी वेगवान तुकडे हेलियम वायूत थांबवून, विद्युतक्षेत्रांनी गोळा करून, पुन्हा वेग देण्याची पद्धत रुजते आहे. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातील एफआरआयबी या केंद्रात तिन्ही प्रकारचे झोत देता येतात: वेगवान, थांबवलेले आणि पुनर्वेगवर्धित.

एफआरआयबीची जागा 2008 मध्ये ठरली, 73 कोटी डॉलरांचा प्रकल्प पूर्ण होऊन मे 2022 मध्ये पहिले प्रयोग सुरू झाले. त्याचा अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक जागा वाचवण्यासाठी दोनदा वळवून तीन समांतर रांगांत बसवलेला आहे. संकल्पित शक्ती 400 किलोवॉट, पण सुरुवात सुमारे 1 किलोवॉटने केली आणि शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. कारण उघड आहे. एवढ्या शक्तीचा झोत मिलिमीटरभर ठिपक्यावर पडला तर स्थिर घन लक्ष्य टिकत नाही. म्हणून ग्रॅफाइटचे लक्ष्य वेगाने फिरत ठेवतात. वाटेत आयनांचे आणखी इलेक्ट्रॉन काढायला पूर्वी कार्बनची पातळ पापुद्री वापरत. तिच्याऐवजी इथे द्रव लिथियमचा काही मायक्रोमीटर जाडीचा, अतिवेगाने वाहणारा पडदा आहे. सतत नवा येत असल्याने तो जळून संपत नाही.

प्राथमिक झोत कोणता निवडायचा हा कोणत्याही नव्या केंद्रापुढचा पहिला आर्थिक निर्णय असतो. इसोल्डमध्ये 1.4 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन आहेत. कॅनडातील व्हँकुव्हरच्या ट्रायम्फमध्ये 500 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन, प्रवाह 100 मायक्रोअँपिअरपर्यंत. असे प्रोटॉन युरेनियमला फोडतातही आणि त्याचे लचकेही तोडतात, त्यामुळे समस्थानिकांची विविधता मोठी मिळते. फ्रान्समध्ये गानील येथे जड आयन आणि ड्यूटेरॉन यांचा मार्ग अवलंबला आहे. तुलनेने स्वस्त मार्ग इलेक्ट्रॉनांचा. 50 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन जड धातूत थांबवले की गॅमा किरण निघतात, आणि 15 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे गॅमा किरण युरेनियमचे विखंडन परिणामकारकपणे घडवतात. यातून न्यूट्रॉनबहुल केंद्रे मिळतात, नको असलेली प्रोटॉनबहुल भेसळ कमी राहते, आणि इलेक्ट्रॉनांचा वेगवर्धक त्या मानाने आटोपशीर असतो. फ्रान्समधील ऑर्से येथील आल्टो केंद्र या तत्त्वावर चालते.

सुरक्षेची बाब इथे रचनेतच मुरलेली असावी लागते. वापरून झालेले लक्ष्य इतके किरणोत्सर्गी असते की माणसाला जवळ जाता येत नाही. इसोल्डमध्ये लक्ष्ये बदलण्याचे काम यंत्रमानव करतात. युरेनियम कार्बाइड हवेत पेट घेऊ शकते, त्यामुळे जुने लक्ष्य साठवणे आणि निकामी करणे हा वेगळा अभियांत्रिकी प्रश्न होतो. निर्वात पंपांतून बाहेर पडणारे किरणोत्सर्गी वायू थेट सोडता येत नाहीत. ते टाक्यांत धरून ठेवून त्यांचा क्षय होऊ द्यावा लागतो. काँक्रीटच्या जाड भिंती, वायुवीजनाचे दाब, दूरनियंत्रित जोडण्या यांचा विचार इमारतीच्या पहिल्या आराखड्यातच व्हावा लागतो, कारण एकदा किरणोत्सर्ग साचलेल्या दालनात नंतर दुरुस्ती करणे अशक्यप्राय होते.

भारतातला या दिशेचा प्रयत्न दोन वाटांनी झाला. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात पेलेट्रॉन या वेगवर्धकाच्या लिथियम-7 झोतापासून उड्डाणातच बेरिलियम-7 चा झोत मिळवला गेला. हायड्रोजनयुक्त लक्ष्यावर लिथियम आदळून बेरिलियम बनते आणि हायरा या विलगकाने ते प्राथमिक झोतापासून वेगळे काढले जाते. मर्यादित साधनांत केलेले हे काम नेमके आणि उपयुक्त होते.

दुसरी आणि अधिक लांब वाट कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरची. तिथले के-130 सायक्लोट्रॉन 1977 पासून चालू आहे. त्याच्या प्रोटॉन आणि अल्फा झोतांवर आधारलेले आयसॉल केंद्र अलोक चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली उभे राहू लागले, आणि रिकेन व ट्रायम्फ यांचे सहकार्य त्याला मिळाले. इथे निवडलेला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. नवा मोठा प्राथमिक वेगवर्धक मागण्याऐवजी आधी पुढची साखळी, म्हणजे आयन उगम, विलगक, आरएफक्यू आणि रेषीय वेगवर्धक, देशात बनवायला घेतली. साधने तुटपुंजी असताना हा क्रम शहाणपणाचा होता, कारण वर दाखवल्याप्रमाणे झोत गळतो तो याच कड्यांत.

आरएफक्यूची वारंवारता 37.8 मेगाहर्ट्झ ठेवण्यामागेही मंद आयनांचाच विचार आहे. उगमातून येणाऱ्या आयनाची ऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे 1.7 हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे वेग सेकंदाला पावणेसहाशे किलोमीटरांच्या आसपास. एवढ्या वेगाने एका आवर्तनकाळात आयन जेमतेम दीड सेंटिमीटर पुढे जातो. वारंवारता दहापट घेतली असती तर हे अंतर दीड मिलिमीटरवर आले असते आणि विद्युताग्रांवर तितके बारीक कोरीव काम करणे, शिवाय झोताला पुरेशी जागा ठेवणे, कठीण झाले असते. आधी 1.7 मीटर लांबीचा आणि मग 3.4 मीटर लांबीचा आरएफक्यू बनला. मोठ्यातून आयन दर न्यूक्लिऑनमागे जवळपास एक लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचतात. आयएच टाक्या त्यापुढची ऊर्जा देतात.

उत्पादनासाठी इथे तापवलेल्या लक्ष्याच्या जोडीने वायुझोताची पद्धत वापरली गेली. क्रियेतून उसळलेली केंद्रे वायूत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि केशनलिकेतून वाहत, सायक्लोट्रॉनच्या तीव्र किरणोत्सर्गापासून दूर ठेवलेल्या आयन उगमापर्यंत जातात. या मार्गाने ऑक्सिजन-14, पोटॅशियम-42, पोटॅशियम-43 आणि आरगॉन-41 यांचे झोत मिळाले. त्यांपैकी ऑक्सिजन-14 चे अर्धायुष्य 71 सेकंद, आरगॉन-41 चे पावणेदोन तासांहून थोडे अधिक, आणि दोन्ही पोटॅशियम समस्थानिकांचे त्याहून बरेच जास्त. म्हणजे स्थिरतेच्या पट्ट्याजवळची केंद्रे. दूरच्या, न्यूट्रॉनबहुल केंद्रांसाठी युरेनियमचे विखंडन लागणार, आणि ते पुरेशा प्रमाणात घडवणे या सायक्लोट्रॉनच्या आवाक्यातले नाही. मधल्या काळात याच यंत्रणेचे स्थिर आयनांचे झोत पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांना उपयोगी पडले.

अणुकेंद्रीय भौतिकीतले भारतीय संशोधक दरम्यान परदेशी केंद्रांवर काम करत राहिले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका गटाने गानील येथे हेलियम-8 चा झोत सोन्यावर सोडून त्याचे मीलन कुलोंब अडथळ्याच्या आसपास मोजले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांतून सैल न्यूट्रॉनांचा अडथळा ओलांडण्यावर काय परिणाम होतो, हे स्पष्ट झाले. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉनवर तयार झालेले शोधक आणि घडलेले संशोधक अशा प्रयोगांच्या कामी आले. जर्मनीत डार्मस्टाट येथे उभारल्या जाणाऱ्या फेअर प्रकल्पाच्या 2010 च्या करारावर सही करणाऱ्या नऊ देशांत भारत होता. परदेशी केंद्रावर प्रयोग करायला मिळणे मोलाचे आहेच. पण तिथे झोताचा वेळ स्पर्धेतून मिळतो, मोजक्या दिवसांचा असतो, आणि लक्ष्य, उगम, विलगक बनवण्याचे ज्ञान त्यातून परत येत नाही. हे ज्ञान हाताखालून गेल्याशिवाय साठत नाही.

कोलकात्याचा पुढचा टप्पा अनुरिब या नावाने आखला गेला. न्यू टाउन-राजारहाट येथील नव्या आवारासाठी कल्पिलेल्या या केंद्राचा पाया 50 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि 100 किलोवॉट शक्तीचा अतिसंवाहक इलेक्ट्रॉन वेगवर्धक आहे. त्याचे 1.3 गिगाहर्ट्झचे नायोबियम अनुनादक द्रव हेलियमच्या 2 केल्विन तापमानाला चालतात. पहिल्या शीतकक्षाचा आराखडा ट्रायम्फच्या सहकार्याने तयार झाला. ट्रायम्फही आपल्या एरियल प्रकल्पासाठी असाच वेगवर्धक उभारत होते, त्यामुळे दोघांच्या गरजा जुळल्या. 100 किलोवॉटचा इलेक्ट्रॉन झोत गॅमा किरणांत बदलणारे रूपांतरक, त्यामागे 2000 अंशांवर टिकणारे युरेनियमचे लक्ष्य, वापरलेल्या लक्ष्यासाठी उष्ण कक्ष आणि अणुऊर्जा नियामक परिषदेच्या मंजुरीचे टप्पे, एवढ्या गोष्टी वेगवर्धकाच्या जोडीने पूर्ण व्हाव्या लागतात. त्या पुऱ्या झाल्या की विखंडनातून मिळणारी टिन-132 च्या परिसरातली न्यूट्रॉनबहुल केंद्रे विलगकातून निघून, आधीच उभ्या असलेल्या रचनेच्याच धर्तीवरच्या आरएफक्यू आणि आयएच टाक्यांमधून प्रयोगदालनाकडे नेता येतील.